शेडची लांबी

वारंबा
११ मार्च २०२२

सेमीसी,

फोन तू उचलत नाहीस. फिनेकडे निरोप द्यावा तर नवरा आणि नणंद यांच्या मध्ये ती बिचारी भरडली जाते. म्हणून हे पत्र. वाचलं नाहीस तरी चालेल. मी लिहिलंय एवढं तुला कळलं तरी पुरे.

बातमी अशी की शेड वाढवायची ठरली आहे. का, तर जागा पुरत नाही! सिडनीला निघून जाताना तू सगळ्यांना सांगत होतास ना, की लोसाची शेड वर्षभरात ओस पडेल, तिथे कबुतरं राहतील? आता कबुतरांनासुद्धा जागा उरलेली नाही. नेव्हिलच्या ब्रास बँडचा सराव, चित्रांचे वर्ग, इंग्रिडचं बाहुलीनाट्य, बदामाच्या बागांत कामाला येणाऱ्यांची गाण्याची मंडळी, आणि बुधवारी आपल्या बायकांचं न्गातूचं, आपल्या बेटावरच्या नक्षीदार कापडाचं, काम. परवा आम्ही कापडावर नक्षी घासत बसलो होतो आणि दाराबाहेर गाणारी मंडळी उभ्या उभ्याच गायला लागली. ओफा आतून ओरडली, "जरा हळू घासा गं, त्यांचा ताल चुकतोय!" इतक्या हसलो की खळीचं भांडं सांडलं.

जुन्या भांडणाबद्दल मी काही लिहिणार नव्हते. पण लिहिते, कारण माझं मत बदललेलं नाही आणि ते तुला माहीत असावं. म्हाताऱ्या दोमेनिकोने द्राक्षं भरायची ही शेड दिली ती गावाला दिली, एकट्या आपल्या चर्चला नाही. तू पाद्री. जिथे आपण प्रार्थना करतो तिथे शनिवारी बँडवाल्यांनी बिअर पिऊ नये असं तुला वाटलं. ज्यांनी आपल्याबरोबर शिडीवर चढून छपराचे पत्रे ठोकले, त्यांना दार बंद करायचं नाही, असं मला वाटलं. "तू मोठी बहीण आहेस, तुझा शब्द मोडणार नाही," असं म्हणालास आणि, "त्या छपराखाली पाऊलही ठेवणार नाही," असंही म्हणालास. महिन्याभरात बिऱ्हाड हलवलंस. सहा वर्षं झाली.

असो. माझा गुडघा बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

लोसा

वारंबा
२० जून २०२२

सेमीसी,

थंडी सुरू झाली. संत्र्यांची तोडणी जोरात आहे, त्यामुळे सगळ्यांची पाठ दुखते आणि सगळे खूश आहेत.

नकाशे आले. हॅमिश नावाचा आर्किटेक्ट मेलबर्नहून आला होता. चांगला मुलगा आहे, बोलताना हात फार हलवतो. शेडचा कारभार बघणारी ब्रॉनी, ही दोन वर्षांपूर्वी आली, तुला माहीत नाही, तिने भिंतीवर चित्रं दाखवली. काचेची ओसरी, पेयांसाठी लांब ओटा, आणि आत उतरत जाणाऱ्या पायऱ्यांवर पक्क्या बसवलेल्या लाल खुर्च्या. अगदी शहरातल्या नाट्यगृहासारखं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग हात वर केला.

"जमीन कुठे आहे?" मी विचारलं.

"कसली जमीन?" हॅमिश म्हणाला.

"बसायची. खुर्च्या सगळीकडे आहेत. आम्ही बायकांनी न्गातू कुठे पसरायचं?"

तो नकाशा उलटसुलट करून बघत राहिला. मग म्हणाला, "मागे एक खोली आहे. तीन टेबलं मावतील."

ओफा माझ्या कानात म्हणाली, "तीन टेबलांवर मी नुसतं खळीचं भांडं ठेवीन."

पण खरं सांगते, इंग्रिड उठली तेव्हा मला तिचंही पटलं. ती म्हणाली, "लोसा, माझ्या बाहुल्या हातभर उंचीच्या. सपाट जमिनीवर मागच्या मुलांना पुढच्यांची डोकीच दिसतात. गेल्या खेळाला एक मुलगी रडत घरी गेली. मला पायऱ्या हव्यात." गेली पाच वर्षं ती ह्या पायऱ्यांची वाट बघते आहे. शिवाय सरकारी अनुदान मंजूर झालंय ते पक्क्या खुर्च्यांच्या नाट्यगृहासाठीच. आराखडा बदलला तर पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं, आणि मिळेलच याची खात्री नाही. ब्रॉनीने हे सांगितलं तेव्हा सगळ्या सभेने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला.

आता दुसरी गोष्ट. ईस्टरला तुझी लेक लुसेआने इथे आली होती. तिने तुला सांगितलं नसेल तर मी सांगितलं असं समज, आणि पोरीवर ओरडू नकोस. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने दोन वाट्या नारळाच्या दुधातलं लू खाल्लं, आणि मग सांगितलं की तेविता नावाच्या मुलाशी लग्न ठरतंय. म्हणाली, "आत्या, मला लाउनिमा हवं. तुझ्या हातचं."

तुला वेगळं सांगायला नको की लाउनिमा, पन्नास पट्ट्यांचं न्गातू, म्हणजे काय. आपल्या आईच्या लग्नात अंथरलं होतं तसं. तेव्हा बेटावरचं सगळं गाव रस्त्यावर उतरलं होतं म्हणतात. इथे झाडाची साल मिळत नाही, अस्तराचं कापड वापरावं लागतं, त्याला तू नाक मुरडायचास. मुरड. पण कापड लांबीला तेवढंच होणार. आणि आपल्या शेडमध्ये ते निम्म्याहून थोडंच जास्त मावतं. राहिलेलं गुंडाळून ठेवायचं आणि पुढचं काम करायचं, म्हणजे मागची नक्षी पुढच्या नक्षीला जुळली का ते शेवटपर्यंत कळत नाही.

भावाच्या मुलीच्या लग्नात आत्याने वाकडं कापड आणलं असं कुणी म्हणायला नको. म्हणून मला जमीन हवी.

लोसा

वारंबा
१७ जुलै २०२२

सेमीसी,

काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलंय, पण ते सोड.

मी ब्रॉनीला सांगितलं होतं, शनिवारी सकाळी समितीला बोलाव, हॅमिशलाही बोलाव. भाषण करणार नाही, कापड पसरणार आहे. तिने विचारलं, "अर्धवट झालंय ना अजून?" मी म्हटलं, "अर्धवटच दाखवायचंय." पट्ट्या सगळ्या चिकटवून झाल्या होत्या, रंग अर्धाच लागला होता.

आम्ही चौदा जणी होतो. रंगमंचाच्या भिंतीपासून उलगडायला सुरुवात केली. कापड सरकत सरकत दाराशी आलं. ओफा म्हणाली, "थांबू?" मी म्हटलं, "का थांबायचं?" दारं सताड उघडली. उंबऱ्यावरून बाहेर, गाड्या लावायच्या जागेत. तिथे आम्ही आदल्या दिवशी झाडून ताडपत्री घातली होती. मग फाटक. मग रस्ता. रस्त्याला लागलं तरी आमच्या हातात गुंडाळी शिल्लक होती!

नेमका त्याच वेळी संत्र्यांचा ट्रक आला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "रस्ता बंद आहे का?"

"रस्ता बंद नाही रे," ओफा म्हणाली, "कापड चालू आहे!"

तो खाली उतरला आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. मग वारं सुटलं. तुला माहीत आहे इथलं हिवाळ्यातलं वारं, नदीवरून येतं ते. कापडाची एक कड उचलली गेली आणि मी दोन्ही हातांनी ती दाबून धरली. एका जागी उलटलं असतं तर चिकटवलेल्या पट्ट्या सुटत गेल्या असत्या. आम्ही चौदा जणी, आणि कापड एवढं लांब.

नेव्हिलची बँडमंडळी सरावासाठी आली होती. सगळे सत्तरीच्या पुढचे. नेव्हिल धावत आला, म्हणजे त्याच्या हिशोबाने धावत. "बूट काढू का?" त्याने विचारलं.

"काढा. आणि मोजेही."

"मोज्यांना भोकं आहेत."

"आम्ही बघणार नाही," मी म्हटलं.

"मी बघणार," ओफा म्हणाली.

सगळे म्हातारे अनवाणी कडेकडेने बसले. पुरेसे हात नव्हते तेव्हा त्यांनी आपली पितळी वाद्यं ब्लँकेटमध्ये गुंडाळून कडेवर ठेवली. चित्रांच्या वर्गातल्या बायका आल्या. ट्रकवाला बूट काढून बसला. आणि इंग्रिड. ती थेट माझ्यासमोर येऊन बसली, दोन्ही तळहात कापडावर दाबून. वारं पडेपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो.

मग हॅमिश अनवाणी, कडेकडेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला आणि चालत परत आला. म्हणाला, "माझ्या कागदात हे मावतच नव्हतं."

"मग कागद वाढव," मी म्हटलं.

तो हसला. पण तोड त्याने काढली नाही, इंग्रिडने काढली. तिथेच बसल्या बसल्या म्हणाली, "एका शाळेत मी खेळ केला होता. तिथे पायऱ्यांचे बाक होते, चाकांवरचे. ओढले की नाट्यगृह, ढकलले की भिंतीत गडप आणि सगळी जमीन मोकळी." हॅमिश म्हणाला, "होतं तसं. पण मग मागची भिंत पाडून, मागच्या जुन्या रेल्वेरुळांच्या जागेपर्यंत जावं लागेल. आणि अनुदानाचा अर्ज पुन्हा करावा लागेल." ब्रॉनीने डोळे मिटले. मग उघडले आणि म्हणाली, "करते."

मतं तिथेच, रस्त्यावर घेतली. एकही हात वर झाला नाही, कारण सगळ्यांचे हात कापडावर होते. "हो" म्हणून सगळे ओरडले.

तू असायला हवा होतास हे मी लिहिणार नाही.

लोसा

वारंबा
५ मार्च २०२३

सेमीसी,

बरेच महिने लिहिलं नाही. कारण चांगलं काही लिहिण्यासारखं नव्हतं, आणि वाईट लिहून तुला आनंद द्यायची माझी इच्छा नव्हती.

जुनं अनुदान परत गेलं. नव्या अर्जाचं काही कळेना. नाताळच्या आधी दुकानात एकीने मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "मिळालेलं नाट्यगृह घालवलं, चटईसाठी." मी पिशवी भरत राहिले. घरी येऊन मात्र बसले ती उठलेच नाही. गुडघ्यामुळे नव्हे. गुडघा बराच आहे, डॉक्टरला दाखवला, तो उगाच घाबरवतो. सलग तासन्‌तास जमिनीवर बसू नका म्हणाला. मी म्हटलं, मग काय झाडावर बसू?

दुसऱ्या दिवशी इंग्रिड दारात आली, हातात लिंबाचा केक. म्हणाली, "दुकानातलं मला कळलं. नाट्यगृह माझं घालवलंय ना? मग ओरडायचा हक्क माझा. आणि मी ओरडत नाहीये." मग दोघींनी केक खाल्ला. सगळा.

फेब्रुवारीत पत्र आलं. मंजूर! आणि आधीपेक्षा मोठं काम. अर्जात ब्रॉनीने त्या शनिवारचे फोटो लावले होते. अनवाणी म्हातारे, ब्लँकेटमधली वाद्यं, ट्रक, सगळं.

आज मागची भिंत पाडली. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. पत्रे खाली आले आणि मागून एकदम उजेड आत आला, पार रंगमंचापर्यंत. नेव्हिलने तुतारी आणली होती. कुणी सांगितलं नव्हतं तरी वाजवली. माझे डोळे धुळीने भरून आले.

लोसा

वारंबा
८ ऑक्टोबर २०२३

सेमीसी,

जमीन झाली. गुळगुळीत लाकडाची, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. इंग्रिडचे बाक ओढून बघितले. मुलांना सगळ्यात वरच्या पायरीवर बसवलं आणि तिने एक बाहुली नुसती नाचवली, तर सगळ्यात मागची मुलगी टाळ्या वाजवायला लागली. इंग्रिड पडद्यामागून बाहेर आली ती नाक पुसतच.

मग बाक भिंतीत ढकलले आणि आम्ही लाउनिमा पसरलं. पहिल्यांदाच, छपराखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नक्षीची रेघ न् रेघ जुळली आहे. ओफा गुडघ्यांवर रांगत रांगत सगळी बघून आली. तिचे गुडघे चांगले आहेत. आणि म्हणाली, "चूक सापडली नाही. मला झोप लागणार नाही आता."

समितीने ह्या जमिनीला नाव द्यायचं ठरवलंय, "लोसाची जमीन". दारावर पाटी लागणार. ब्रॉनीला वाटलं मी आढेवेढे घेईन. मी म्हटलं, अक्षरं मोठी काढा, मला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत.

आता मुद्द्याचं. लुसेआने कालच्या फोनवर म्हणाली की सिडनीला तुम्ही बघितलेल्या हॉलमध्ये खांब आहेत. मधोमध. कापड पूर्ण उघडणार नाही, दुमडून ठेवावं लागेल. तिला इथे लग्न करायचंय, ह्या जमिनीवर. तुला विचारलं तर तू उठून बाहेर गेलास म्हणे. मग फिनेचा फोन आला. "तो हो म्हणत नाही," ती म्हणाली, "पण नाहीही म्हणत नाही. रात्रभर खोलीत येरझारा घालतोय."

सेमीसी, मी तुझी थोरली बहीण आहे. तुझ्या मुलांची आत्या आहे. मी हुकूम दिला तर तुला मोडता येणार नाही. आपल्यात तसं चालतच नाही, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि लुसेआनेलाही चांगलं माहीत आहे. ती फोनवर म्हणाली, "आत्या, तू एक शब्द टाक, बाबा येतीलच."

मी तिला नाही म्हटलं.

सात वर्षांपूर्वीही मी हुकूम देऊ शकले असते. तेव्हाही दिला नाही. तुझं मत तुझं होतं, देवापुढे विचार करून बनवलेलं होतं. मला ते चुकीचं वाटलं, अजून वाटतं. पण ज्या शेडमध्ये कुणालाही दार बंद नाही असं मी जगाला सांगते, तिथे माझ्या भावाला मानगुटीला धरून आणणार नाही. आलास तर ये. नाही आलास तर लग्न सिडनीला करू, कापड दुमडून ठेवू, आणि मी एक शब्द बोलणार नाही.

बरं, दोन बोलेन.

लोसा

वारंबा
१४ जानेवारी २०२४

सेमीसी,

तुम्ही सुखरूप पोचलात असं फिनेने कळवलं. वाटेत गाडी तापली म्हणे. एवढ्या उन्हात दुपारी निघायची घाई कुणी केली होती?

लग्नात आपल्याला बोलता आलं नाही, येणारच नव्हतं. मी आत्या म्हणून वर, सगळ्यांच्या समोर, चटयांच्या ढिगावर; तू मुलीचा बाप म्हणून मागे. बहीण-भावांनी शेजारी बसून गप्पा माराव्यात अशी आपली पद्धतच नाही. म्हणून तुला जे दिसलं नसेल ते मी लिहिते. मला वरून सगळं दिसत होतं.

तू दारात थांबलास ते मला दिसलं. बराच वेळ थांबलास. पाटी वाचत होतास की बूट काढत होतास, ते कळलं नाही. मग कापड आलं. तीस बायका दोन्ही बाजूंनी धरून, गात गात. नेव्हिलच्या लोकांनी आपलं स्तोत्र पितळी वाद्यांवर बसवलं होतं. पहिल्या ओळीलाच सिडनीच्या पाहुण्यांनी माना वळवल्या आणि दुसऱ्या ओळीला सगळे गायला लागले. लुसेआने त्या कापडावरून चालत आली तेव्हा तेविताच्या आजीने माझ्याकडे बघून मान लववली. सगळ्यांसमोर. मी मान ताठ ठेवली. अजून दुखते आहे.

आणि मग तू प्रार्थनेला उठलास. तिथे, त्या छपराखाली. तू देवाचे आभार मानलेस, नवरानवरीला आशीर्वाद दिलास, आणि मग थांबलास. तुझा आवाज मी लहानपणापासून ओळखते. कुठे अडखळतो ते मला माहीत आहे. मग म्हणालास, "आणि ह्या घराला, आणि इथे येणाऱ्या प्रत्येकाला." एवढंच. नेव्हिलला आपली भाषा येत नाही. "तुझा भाऊ शेवटी काय म्हणाला?" असं त्याने नंतर विचारलं. मी सांगितलं. म्हातारा म्हणाला, "म्हणजे आम्ही पण?" मी म्हटलं, "तुम्ही पण."

जेवणं झाली, भाजलेली डुकरं संपली, नाच संपला. पाहुणे बाहेर नदीकाठी गेले. मला उठवायला दोघी लागल्या. हो, गुडघा दुखतो, लिहून टाकते एकदाचं. मी दाराशी खुर्चीवर बसले होते तेव्हा दिवसभर स्वयंपाकघरात अडकलेली ब्रॉनी घाईघाईने आली.

"लोसा, तो पांढऱ्या शर्टातला माणूस कोण?"

"का? काय केलं त्याने?"

"मी झाडायला घेतलं तर माझ्या हातातून झाडू ओढून घेतला. सगळी जमीन झाडली, एकट्याने. कोपऱ्यांतसुद्धा. आता विचारतोय ओलं फडकं कुठे असतं. असं झाडणारा माणूस मी इथे पाहिला नाही."

मी आत डोकावून बघितलं. तू पाठमोरा होतास, बाह्या दुमडलेल्या, समारंभासाठी कमरेला गुंडाळलेली चटई काढून बाजूला नीट घडी करून ठेवलेली. तुला मी दिसले नाही.

"तो माझा भाऊ आहे," मी म्हटलं. ब्रॉनीला कळलं नाही, पण हे वाक्य ह्या शेडमध्ये उभं राहून म्हणायला मला मिळालं.

ती लगेच म्हणाली, "मग तो महिन्यातून एकदा येईल का? शेवटच्या शनिवारी फार माणसं लागतात. बँडचा कार्यक्रम असतो."

मी तिला सांगितलं की भावाच्या वतीने बहीण उत्तर देत नाही, त्यालाच विचार. तिच्याकडे तुझा नंबर दिलाय. तिचा फोन आला तर उचल.

तुझी थोरली बहीण,
लोसा